चार मिनिटं

मिस आर्डिस क्वाले गेल्या, तेव्हा लिलावात
त्यांचा पियानो कुणी घेतला नाही.
बाबानं ब्यूइक घेतली, तीनशे डॉलरला.
गारांनी टपाला देवीचे व्रण पडलेले,
पण आत व्ही-एट, आणि उभ्या आयुष्यात
शाळा ते चर्च, चर्च ते घर एवढंच पळालेली.
चावी कुठं गेली, लिलाववाल्यालाही ठाऊक नव्हतं.
आम्ही ट्रेलरवर घालून आणली.

आमच्याकडे बावन्न सालची इंटरनॅशनल पिकअप,
जानेवारीत ब्लॉक तडकला तेव्हापासून
चाकांशी गवत घेऊन उभी.

मोंटानाच्या या टोकाला थंडी अशी की
पाना हाताला चिकटतो
आणि सोडवताना कातडी ठेवून घेतो.
सहा शनिवार गेले.
इंजिन अन् गिअरबॉक्स, दोन्ही एकाच साखळीला
सोललेल्या बोकडासारखी लोंबत राहिली.
तेलाचं पॅन आडव्या बीमवर आपटलं,
दीड इंच मागं घेतलं, तर फायरवॉल आडवी आली.
एकाला जागा दिली की दुसरा रुसतो,
बाबा म्हणाला, आणि घण मागितला.
शाफ्ट हाव्हरला पाठवला,
तो अकरा इंच कमी होऊन परत आला.
वायरींचा गुंता जेवणाच्या टेबलावर पसरलेला;
आठवडाभर आम्ही उभ्यानं जेवलो.

मग त्या रविवारी बाबानं
पायाखालचं जुनं स्टार्टरचं बटण टाचेनं दाबलं.
इंजिन लागलं.
दोन सेकंद.
बंद.
पुन्हा लागलं. दोन सेकंद. बंद.
तिसऱ्यांदाही तेच.
बाबा हात मांडीवर ठेवून बसला,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.

नंतर कळलं: गाडीच्या मेंदूला वाटतंय
आपण चोरीला गेलोय.
चावीच्या दांड्यात काळा मणी असतो,
त्याचा रेझिस्टन्स जुळला तर पेट्रोल.
पंधरा आकडे, त्यातला एक आपला.
चुकला, की चार मिनिटं गप्प बसायचं,
मगच पुढचा.

पंधरा रेझिस्टर आणले, कॉफीपेक्षा स्वस्त.
पहिला. नाही. चार मिनिटं.
दुसरा. नाही.
पत्र्यावर वारा वाळू फेकत होता.
पाचव्यानंतर बाबा अचानक म्हणाला,
"मी जायचो त्यांच्याकडे. मंगळवारी."
मी बाबाला कधी
शिट्टीही वाजवताना ऐकलं नव्हतं.
"दोन पट्ट्या दाबल्या की थांबवायच्या.
ओरडायच्या नाहीत. 'पहिल्यापासून', एवढंच."
सहावा. नाही.
"मग?"
चार मिनिटं फार मोठी असतात.
"मग जाणं सोडलं. घरी सांगितलं नाही.
मंगळवारी धान्याच्या एलिव्हेटरमागं बसायचो,
फी खिशात.
तो अर्ध्या इंचाचा पाना आहे ना, लाल मुठीचा,
तो त्यातला."
सातवा. आठवा.
"आणि त्या?"
"एक शब्द बोलल्या नाहीत कुणाशी.
रस्त्यात भेटल्या की
याच गाडीतून हात वर करायच्या."

अकराव्याला इंजिन लागलं
आणि थांबलं नाही.
बाबानंही लगेच मान्य केलं नाही.
डोकं कलतं करून तो ऐकत राहिला,
डाव्या बाजूला एक टॅपेट किंचित मागं पडत होता.

दांडा उलटा जोडला गेलेला, म्हणून पिकअप
पुढं टाकली तर मागं गेली,
कोंबड्यांच्या खुराड्याची एक फळी घेऊन.
ते नीट करेपर्यंत अंधार पडला.

आता ती कुठल्याही किल्लीनं सुरू होते,
स्क्रूड्रायव्हरनंही.
अकरावा मणी डॅशबोर्डमागं टेपनं गुंडाळलाय.
हीटर अजून जोडायचा राहिलाय.
गावात जाताना क्वालेंचं घर लागतं,
तिथं आता दुसरी माणसं, दारात ट्रॅम्पोलिन.
बाबा स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतो.
मी मुद्दाम मागं वळून पाहिलं एकदा.
अंगणात कुणी नव्हतं.